ओरिजिनल की आफ्टरमार्केट? एका लोअर आर्मने मला शिकवलेला धंदा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण दुकानात माल कसा निवडायचा हे बघितलं. पण व्हिडिओत दहा मिनिटांत सगळं बसत नाही, आणि एक गोष्ट मी मुद्दाम तिथे सांगितली नाही. ती जरा लाजेची आहे, म्हणून निवांत लिहूनच सांगावी असं ठरवलं.

तुम्हाला माहीतच आहे, माझं पुण्यात गाड्यांच्या पार्टचं दुकान आहे. बाबांनी टेम्पो आणि स्कूटरच्या स्पेअरपासून सुरू केलं. मी बीबीए करून आलो आणि इम्पोर्टेड गाड्यांचा माल ठेवायला लागलो. दुकानाला लागूनच दोन लिफ्टचा छोटा वर्कशॉप आहे. म्हणजे पार्ट पण आपणच विकतो, बसवतो पण आपणच. हे लक्षात ठेवा, पुढे याचा संबंध येणार आहे.

आमच्याकडे दिवसातून चार वेळा एकच प्रश्न येतो. "दादा, ओरिजिनल टाकू की आफ्टरमार्केट?" गाडी स्पोर्ट्स कार असेल आणि काम सस्पेन्शनचं असेल, तर हा प्रश्न फार महागात जातो. कारण तिथे ओरिजिनलची किंमत ऐकून माणसाला घाम फुटतो, आणि चुकीचा माल टाकला तर नंतर रस्त्यावर घाम फुटतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हा प्रश्नच चुकीचा आहे. त्याचं उत्तर गाडीवर ठरत नाही, एकेका पार्टवर ठरतं. आणि "नेहमी ओरिजिनलच" म्हणणारा दुकानदार आणि "सगळं सारखंच असतं हो" म्हणणारा दुकानदार, दोघंही डोकं वापरायचं टाळत असतात. मी ही दोन्ही वाक्यं काउंटरवर म्हटलेली आहेत, म्हणून हक्काने बोलतोय.

ती झेड-४

धंद्यात उतरून मला दुसरंच वर्ष होतं. एक डॉक्टर साहेब बीएमडब्ल्यू झेड-४ घेऊन आले. पहिल्या पिढीतली, दोन सीटची, उघड्या टपाची, पुढे लांबलचक बॉनेट आणि मागच्या चाकांना पॉवर. कुणीतरी कधीकाळी इम्पोर्ट केलेली, यांनी सेकंडहँड घेतलेली. तक्रार अशी की खड्ड्यात पुढून खटखट येते आणि ब्रेक मारला की स्टेअरिंग थोडं भरकटतं.

लिफ्टवर घेतली. पुढचे दोन्ही लोअर आर्म गेले होते. या गाडीचा पुढचा लोअर आर्म अॅल्युमिनियमचा असतो. त्यावर दोन बॉल जॉइंट, एक चाकाकडे आणि एक आत सबफ्रेमकडे. मागचं टोक एका मोठ्या रबर बुशमध्ये बसतं आणि तो बुश एका ब्रॅकेटमध्ये. ब्रेक मारताना चाक मागे ढकललं जातं, तो सगळा जोर हा बुश खातो. बुश फाटला की ब्रेकमध्ये चाकाची दिशा हलते. आणि बॉल जॉइंट निखळला तर चाक आपल्या जागी राहतच नाही. मग गाडी कुठे जाईल ते गाडी ठरवते.

मी डॉक्टरांना कंपनीच्या पार्टचा भाव सांगितला. ते म्हणाले, "अरे, एवढ्यात माझ्या भावाची अख्खी बाइक येते. दुसरं काही नाही का?" होतं. एका डीलरने मला नुकतेच "सेम टू सेम, ओरिजिनलचीच फॅक्टरी" म्हणून आर्म दाखवले होते. भाव ओरिजिनलच्या पाव हिस्सा. पक्कं बिल नाही, साधी चिठ्ठी. मार्जिन मात्र झकास. बीबीएला आम्हाला मार्जिन टक्क्यात मोजायला शिकवलं होतं. मी टक्के बघितले आणि माल घेतला.

आर्म बसवले. गाडी छान चालली. डॉक्टर खूश, मी खूश.

आठ महिन्यांनी ते अलाइनमेंटसाठी आले. वाई वरून पसरणी घाटाने महाबळेश्वरला चालले होते, जाताना सहज चेक करून घ्यावं म्हणून. आमच्या मिस्त्रीने चाक धरून हलवलं आणि मला हाक मारली. डाव्या आर्मच्या बाहेरच्या बॉल जॉइंटचं रबर फाटलेलं, आत ग्रीस नाही, आणि जॉइंटमध्ये हाताला स्पष्ट जाणवेल इतका प्ले. मागे त्यांची बायको आणि मुलगी दुकानाच्या बाकड्यावर बसून चहा पीत होत्या. दोन सीटची गाडी, म्हणून मुलगी मागून दुसऱ्या गाडीतून येणार होती.

काहीही अपघात झाला नाही. गोष्ट एवढीच आहे. पण त्या दिवशी मला चहा गेला नाही.

अर्धी चूक मालाची, अर्धी माझी

दोन्ही आर्म खोलले तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. मागचे रबर बुशसुद्धा फाटायला लागले होते, आणि ते एका विशिष्ट बाजूने पिळल्यासारखे. हा दोष मालाचा नव्हता. हा आमचा होता.

जे वर्कशॉप चालवणार आहेत त्यांनी हे वहीत लिहून ठेवा. रबराचा बुश हा गोल फिरणारा बेअरिंग नाही. तो पिळला जातो आणि परत येतो. गाडी लिफ्टवर असताना चाक खाली लोंबकळतं. त्या अवस्थेत बोल्ट पूर्ण आवळला, तर बुश त्या लोंबकळत्या स्थितीत घट्ट धरला जातो. मग गाडी जमिनीवर उतरवली की उभ्या गाडीतही बुश कायम पिळलेलाच राहतो. वर खड्डे. तो लवकर फाटणारच. म्हणून रबर बुशचे बोल्ट आधी हाताने लावायचे, गाडीचा भार चाकांवर आल्यावर, म्हणजे नेहमीच्या उंचीवर, ठरवलेल्या टॉर्कने आवळायचे. सेल्फ लॉकिंग नट नवीन वापरायचे, जुने परत नाही. आणि आर्म बदलला की चारही चाकांचं अलाइनमेंट करायचंच.

आमच्याकडे तेव्हा हे कुणी पाळत नव्हतं. म्हणजे मी त्या दिवशी ओरिजिनल आर्म टाकले असते तरी त्यांचे बुश वेळेआधी गेले असते, आणि मी वर तोंड करून म्हटलं असतं, "बघा, ओरिजिनल पण टिकत नाही हल्ली."

मित्रांनो, पार्टच्या दर्जाबद्दल जेवढे वाद गॅरेजमध्ये चालतात, त्यातले बरेच खरं तर फिटिंगचे वाद असतात. म्हणून पहिला धडा मालाचा नाही, हाताचा आहे.

डीलरला फोन केला. तो म्हणाला, "बिल दाखवा." बिल नव्हतं. मी दोन्ही आर्म, बुश, नट, लेबर, अलाइनमेंट सगळं माझ्या खिशातून केलं. यावेळी चांगला माल टाकला. डॉक्टरांना काय झालं ते खरं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "तू मला पहिल्याच दिवशी फरक सांगितला असतास तर मी महागडे घेतले असते रे." हे वाक्य माझ्या सगळ्या बिझनेस ट्रेनिंगचं मूळ आहे.

दोन प्रकार नाहीत, पाच आहेत

कस्टमर "ओरिजिनल की आफ्टरमार्केट" विचारतो तेव्हा त्याच्या डोक्यात दोन डबे असतात. आपल्या काउंटरवर पाच असतात.

एक, गाडी कंपनीच्या नावाच्या डब्यातला माल. ज्याला आपण ओरिजिनल म्हणतो.

दोन, तोच माल बनवणाऱ्या सप्लायरच्या डब्यातला. गाडी कंपनी सगळे पार्ट स्वतः बनवत नाही. बीएमडब्ल्यूसाठी आर्म आणि जॉइंट पुरवणाऱ्यांत लेमफोर्डर हे मोठं नाव आहे, शॉकअपमध्ये साक्स. दोन्ही ब्रँड आज झेडएफ या जर्मन ग्रुपचे. लेमफोर्डरच्या डब्यावर घुबडाचं चित्र असतं. बीएमडब्ल्यूच्या डब्यातून आर्म काढला तर बऱ्याचदा त्यावर सप्लायरचा शिक्का घासून टाकलेला दिसतो. आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर चाकणला जा. गॅब्रियल तिथे गाडी कंपन्यांसाठी शॉकअप बनवते आणि स्वतःच्या नावाने बाजारातही विकते.

तीन, नावाजलेल्या कंपनीचा आफ्टरमार्केट माल, जो मुद्दाम वेगळा बनवलेला असतो. बिलस्टीन, कोनी, आयबाख वगैरे. हा नकली माल नाही. कधीकधी मूळ मालापेक्षा सरस असतो, पण वेगळ्या कामासाठी.

चार, लोकल कॉपी. दिसायला सारखी. कुणी बनवली, कुठलं रबर, कुठलं ग्रीस, काही पत्ता नाही. यातही कधीकधी बरा माल निघतो, पण तुम्हाला तो आधी ओळखता येत नाही.

पाच, डुप्लिकेट. म्हणजे चौथ्या प्रकारचा माल पहिल्या किंवा दुसऱ्याच्या डब्यात. घुबडासकट.

पाचव्याबद्दल स्पष्ट बोलतो. तो धंदा नाही, गुन्हा आहे. ट्रेडमार्क कायदा १९९९ च्या कलम १०४ प्रमाणे खोट्या ट्रेडमार्कचा माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड होऊ शकतो. "मला माहीत नव्हतं" असं म्हणायचं असेल तर माल कुणाकडून घेतला हे दाखवावं लागतं. म्हणजे पुन्हा पक्कं बिल.

मग कुठे काय टाकायचं?

आता माझं मत, एकेका पार्टचं. मी माझ्या दुकानात हेच पाळतो.

लोअर आर्म, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड. म्हणजे जे तुटलं तर चाक किंवा स्टेअरिंग हातातून जातं ते. इथे फक्त पहिला किंवा दुसरा प्रकार. चौथा मी काउंटरवर ठेवतच नाही. कस्टमरने भांडून मागितला तरी नाही. दुसरीकडून आणून "फक्त बसवून द्या" म्हणाला तरी नाही. यात माझी गिऱ्हाइकं गेली आहेत, अजूनही जातात.

रबर बुश. रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला रबरच. पॉलियुरेथेनचा बुश कडक असतो, स्टेअरिंगला धार येते हे खरं आहे. पण तो रस्त्याचा प्रत्येक दगड सीटपर्यंत पोचवतो, आणि ग्रीस नीट नसेल तर चूं चूं करतो. कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर गाडी नेणाऱ्याला तो चालेल. कर्वे रस्त्याच्या ट्रॅफिकमध्ये ऑफिसला जाणाऱ्याला तीन महिन्यांत नको होतो. कस्टमर मित्राच्या गाडीत एक चक्कर मारून येतो आणि "तसंच हवं" म्हणतो. तेव्हा त्याला विचारा, मित्र गाडी कुठे चालवतो?

शॉकअप. इथे मी आफ्टरमार्केटच्या बाजूने आहे, आणि इथेच "ओरिजिनलच टाका" हा सल्ला आळशी ठरतो. बिलस्टीनने मर्सिडीजसाठी १९५७ मध्ये मोनोट्यूब गॅस शॉकअप मालिकेत बनवायला सुरुवात केली, तेव्हापासून ही कंपनी गाडी कंपन्यांनाच माल देत आली आहे. त्यांच्या नंबरांचा अर्थ पाठ करा. बी-४ म्हणजे मूळ मालाच्या जागी, साधारण तशाच फीलचा. बी-६ म्हणजे मूळ उंचीच्या स्प्रिंगवर चालणारा, पण कडक. बी-८ म्हणजे खाली बसवलेल्या, आखूड स्प्रिंगसाठी आखूड बॉडीचा. बी-८ मूळ स्प्रिंगवर विकणारा आणि बी-६ खाली केलेल्या गाडीत टाकणारा दुकानदार मी बघितला आहे. डबा अस्सल, ब्रँड अस्सल, बिल पक्कं, आणि तरी काम चुकलेलं.

शॉकअप नेहमी जोडीने बदला. पुढचे दोन किंवा मागचे दोन. एक नवा आणि एक थकलेला ठेवला तर गाडी वळणावर डाव्या बाजूला वेगळी वागते आणि उजव्या बाजूला वेगळी. सोबत टॉप माउंट, बंप स्टॉप आणि डस्ट कव्हर तपासा. लेबर एकदाच लागणार आहे, हे कस्टमरला समजावून सांगा.

इलेक्ट्रॉनिक शॉकअप. पोर्शेमधला पासम, ऑडीमधला मॅग्नेटिक राइड, बीएमडब्ल्यूचा ईडीसी. यात साधा शॉकअप टाकला की डॅशबोर्डवर वॉर्निंग येते, आणि मोडचं बटण नुसतं शोभेला राहतं. त्या सिस्टिमला चालेल असा आफ्टरमार्केट माल काही गाड्यांसाठी मिळतो. तो नसेल तर ओरिजिनल. साधा टाकायचाच असेल तर कंट्रोलरचं कोडिंग करावं लागेल आणि गाडीची एक सोय कायमची जाईल, हे लेखी सांगून टाका.

लोअरिंग स्प्रिंग. हे सगळ्यात जास्त मागितलं जातं आणि मी सगळ्यात जास्त नाही म्हणतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे स्पीड ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोलाईचा असायला हवा. आपल्या सोसायटीच्या गेटवरचा टेप लावून मोजा आणि मला सांगा. झेड-४ सारखी गाडी आधीच खाली बसलेली असते. ती आणखी खाली केली की शॉकअपचा प्रवास कमी होतो, गाडी सारखी बंप स्टॉपवर आपटते, आणि जुने शॉकअप त्या कडक स्प्रिंगला आवरू शकत नाहीत. शिवाय कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल केला की मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आडवं येतं, आणि इन्शुरन्सवाल्याला न सांगता बदल केला तर क्लेमच्या वेळी तो बोट दाखवू शकतो.

सस्पेन्शन ही एक टीम असते

ओरिजिनल म्हणजे देववाणी नाही, हेही सांगतो. ऑडीने १९९८ मध्ये पहिली टीटी बाजारात आणली. युरोपात मोठ्या वेगात लेन बदलताना आणि वळणावर काही गंभीर अपघात झाले. कंपनीला त्या गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्यांनी मागे स्पॉयलर लावला, ईएसपी दिलं आणि सस्पेन्शनमध्ये बदल केले. म्हणजे फॅक्टरीतून निघालेलं ओरिजिनल सुद्धा सुधारावं लागलं.

पण सुधारलं कसं ते बघा. एकच पार्ट बदलून "झालं" म्हटलं नाही. हवा, इलेक्ट्रॉनिक्स आणि सस्पेन्शन, तिन्ही एकत्र बघितलं. आपल्याकडे कस्टमर एक चकचकीत पिवळा शॉकअप घेतो आणि बाकी सगळं १५ वर्षांपूर्वीचं ठेवतो. नव्या शॉकअपचा सगळा जोर जुन्या बुशवर जातो आणि मग नवाच शॉकअप शिव्या खातो.

"नेहमी ओरिजिनल" का नाही?

बाबांचं आणि माझं यावर मोठं भांडण झालं. डॉक्टरांच्या प्रकरणानंतर मी जोशात जाहीर केलं की उद्यापासून फक्त कंपनीचा डबा. बाबा म्हणाले, "आणि ज्याला परवडत नाही तो काय करेल?"

मी म्हटलं, "बाबा, स्पोर्ट्स कार घेतली म्हणजे परवडतं."

ते म्हणाले, "घ्यायला परवडलं. तुझ्या भावाने पार्ट सांगितलास तर तो पार्ट बदलणारच नाही. तसाच चालवेल. मग तुझा नकली टाकण्यापेक्षा ते बरं का?"

मला उत्तर सुचलं नाही, कारण ते बरोबर होते. जुनी स्पोर्ट्स कार आज स्वस्तात मिळते, पण तिचे पार्ट नव्या गाडीच्या भावाचेच असतात. अशा माणसाला फक्त सगळ्यात महाग पर्याय दाखवला, तर तो फाटलेल्या बुशवर आणखी वर्षभर एक्सप्रेसवे मारतो. म्हणजे दुकानदार साफ सुटला आणि धोका जिथे होता तिथेच राहिला. म्हणूनच दुसरा प्रकार, मूळ सप्लायरच्या डब्यातला माल, हा माझ्या मते लहान दुकानदाराचा खरा धंदा आहे. तो शोधायला, ओळखायला आणि समजावायला मेहनत लागते, आणि त्या मेहनतीचेच आपल्याला पैसे मिळतात.

हा रस्ता आपल्यासाठी सहज खुला झालेला नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटींचा दंड लावला. मुद्दा हाच होता, की स्पेअर पार्ट आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना मोकळेपणाने मिळत नाही. बाहेरच्या गॅरेजमध्ये गाडी दाखवली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही आयोगाने सांगितलं. प्रकरण पुढे अपिलात गेलं. पण आपल्यासारख्या दुकानांची बाजू कायद्याच्या टेबलावर आली, हे लक्षात ठेवा. आपण डुप्लिकेट विकून तीच बाजू कमजोर करतो.

हिशोब मांडून बघू

आता बीबीएवाला मी बोलतो. हे आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत, तुमचे तुम्ही टाका.

समजा लोकल आर्म ६,००० ला आला आणि १०,००० ला गेला. मार्जिन ४,०००, म्हणजे ४० टक्के. सप्लायर ब्रँडचा १४,००० ला आला, १८,००० ला गेला. मार्जिन तेवढंच ४,०००, पण टक्के २२. कॉलेजमधला मी म्हणेल, लोकल विका.

आता पाच गाड्या घ्या. दोन्हीत मार्जिन २०,०००. समजा लोकलवाल्या पाचातली एक गाडी परत आली. दुसरा आर्म ६,०००, लेबर आणि अलाइनमेंट ५,०००. म्हणजे ११,००० गेले, उरले ९,०००. पाच कामांचे ९,०००, एका कामाचे १,८००. २२ टक्केवाला इथे दुप्पटीच्या पुढे गेला. आणि यात लिफ्ट अडकून पडली तो दिवस धरला नाही, आणि तो कस्टमर ऑफिसात जाऊन जे बोलेल ते तर धरलंच नाही.

टक्के हे माल विकतानाचे असतात. धंद्यात बघायचे ते माल परत आला नाही तर उरलेले पैसे.

बिलाचंही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ऑटो पार्टवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे, आधी बऱ्याच पार्टवर २८ होता. त्यामुळे "बिलाशिवाय घ्या, स्वस्त पडेल" या आमिषातली हवा आणखी कमी झाली आहे. रेग्युलर स्कीममध्ये रजिस्टर असाल तर खरेदीवरचा टॅक्स क्रेडिटमध्ये मिळतो. चिठ्ठीवरच्या मालाला ना क्रेडिट, ना वॉरंटी, ना कोर्टात पुरावा.

कोर्टाचं नाव काढलं कारण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये प्रॉडक्ट लायबिलिटी आली आहे. सदोष मालामुळे इजा झाली तर फक्त बनवणारा नाही, काही परिस्थितीत विकणाराही जबाबदार धरला जाऊ शकतो. मालात फेरफार केला, स्वतःहून वेगळी हमी दिली, बसवताना किंवा तपासताना काळजी घेतली नाही, बनवणाऱ्याच्या सूचना पुढे सांगितल्या नाहीत, अशा वेळी. काउंटरवर "टेन्शन घेऊ नका, माझी गॅरंटी" असं म्हणायची सवय आहे ना? आधी ती गॅरंटी कशाची आहे ते ठरवा.

आता आम्ही काय करतो

आमच्या दुकानात आता एक साधा छापील कागद आहे. सस्पेन्शनचं काम आलं की तो भरल्याशिवाय माल मागवत नाही. त्यावर तीन रकाने: कंपनीचा डबा, सप्लायरचा डबा, नामांकित आफ्टरमार्केट. प्रत्येकाखाली पार्ट नंबर, भाव, वॉरंटी किती आणि कोण देणार, आणि त्याने गाडीच्या वागण्यात काय फरक पडेल ते एका ओळीत. कस्टमर टिक करतो आणि सही करतो. जुना पार्ट त्याच डब्यात घालून परत देतो, त्याला बघू दे काय गेलं होतं. बसवताना मिस्त्री टॉर्क लिहितो आणि "भार चाकांवर" या चौकोनात खूण करतो. ही खूण नसेल तर गाडीची किल्ली काउंटरवर येत नाही.

सुरुवातीला मिस्त्री वैतागले. "एवढं लिहायचं तर आम्ही तलाठी झालो असतो," म्हणाले. आता तेच नव्या पोराला ओरडतात, "खूण कुठेय?"

कागदाचा एक फायदा मला आधी कळला नव्हता. भावाची घासाघीस कमी झाली. तीन रकाने समोर असले की माणूस माझ्याशी भांडत नाही, स्वतःशी भांडतो. कोणी पहिला रकाना घेतो, बरेच जण दुसरा. ज्याला पैसे कमी आहेत तो म्हणतो, "आर्म आत्ता टाका, शॉकअप पुढच्या महिन्यात." हे उत्तर मला सगळ्यात आवडतं. कारण यात क्रम बरोबर आहे. आधी जीव, मग मजा.

डॉक्टर अजून येतात. झेड-४ त्यांनी विकली, पण विकताना त्या घेणाऱ्याला आमचे सगळे कागद फाइल करून दिले. तो नवा मालक आता आमचा कस्टमर आहे.

तुमचा आजचा होमवर्क

तुम्ही गाड्यांच्या धंद्यात नसाल. कुणी केक करत असेल, कुणी मोबाइल दुरुस्त करत असेल, कुणी गिरणी टाकायच्या विचारात असेल. वही घ्या आणि तुमच्या मालाची यादी करा. प्रत्येकासमोर एकच प्रश्न लिहा: हे फेल झालं तर कस्टमरचं काय जाईल? पैसे, वेळ, की जीव? मोबाइलवाल्यासाठी कव्हर आणि बॅटरी एका रांगेत बसत नाहीत. कव्हर लोकल चालेल. फुगून पेट घेणारी बॅटरी चालणार नाही.

ज्याच्यासमोर "जीव" लिहिलंत, तिथे स्वस्त पर्याय ठेवूच नका. जिथे "पैसे" किंवा "वेळ" लिहिलंत, तिथे सगळे पर्याय फरकासकट समोर ठेवा आणि कस्टमरला निवडू द्या. आणि चिठ्ठीवर माल देणारा डीलर उद्या आला, तर त्याला चहा पाजा आणि रिकाम्या हाताने पाठवा. मी तो एकदा ठेवून घेतला होता. त्याची किंमत मी दोन लोअर आर्ममध्ये चुकवली. ती कुणालातरी घाटात चुकवावी लागली असती.

यादी केली की मला सांगा. पुढच्या व्हिडिओत आपण तो तीन रकान्यांचा कागद तुमच्या धंद्यासाठी कसा बनवायचा ते बघू.

भेटू या. धंदा करा, पण झोप लागेल असा करा.